पिंपाची चौथी चौकट

आमचे हे भिंगारला शाळेत ड्रॉइंग मास्तर. हात असा की काढलेल्या पेरूवर माशी बसावी, आणि हट्ट असा की स्वतः पाहिल्याशिवाय रेघ ओढायची नाही. एकेचाळीस साली पुण्याच्या एका प्रकाशकाने प्राणिशास्त्राच्या पुस्तकातली चित्रं यांच्याकडे दिली. त्यात डबक्यातला एक जीव होता, नुसत्या डोळ्यांना जेमतेम कणाएवढा दिसणारा. पिंपासारखं अंग, त्याभोवती केसांचे दोन पट्टे, पुढे टोकदार नाक. घरात आम्ही त्याला पिंपच म्हणायचो. हे पिंप आपल्याहून मोठा, चपलेसारखा दिसणारा दुसरा जीव, आमच्या बोलण्यात चप्पल, नाक खुपसून सबंध गिळतं. चार चौकटी काढायच्या होत्या. तीन झाल्या, गिळण्याची तेवढी राहिली.

सूक्ष्मदर्शक यंत्र लष्करी दवाखान्यातल्या डॉक्टर शरच्चंद्रांचं, उसनं आणलेलं. सर्वपित्री अमावास्येच्या दुसऱ्या दिवशी ते लढाईवर इजिप्तला निघणार, म्हणजे यंत्रही जाणार. आणि नेमकं तेव्हाच पिंपांनी डबक्याचं पाणी भरून ठेवलेल्या बरणीतल्या चपला फस्त केल्या आणि स्वतःही दिसेनाशी झाली. हे यंत्रावर वाकून मान मोडून घेत आणि भडकत माझ्यावर.

"इंग्रजी पुस्तकात बघून काढा की," मी म्हटलं.

"उष्टं चित्र मी काढत नाही!"

सर्वपित्रीला सूर्यग्रहण आलं. श्राद्धाचा दर्भ घरात होताच. रिवाजाप्रमाणे मी हंड्यात, दुधात, लोणच्यात एकेक काडी टाकली. बरणीतही टाकली, नाहीतर ग्रहण सुटल्यावर ते पाणी ओतून द्यावं लागलं असतं. यांच्यासाठीच केलं हो! पण ह्यांनी ती काडी पाहिली आणि घर डोक्यावर घेतलं. "अगं, प्रयोगाच्या पाण्यात हा कचरा? संपलं सगळं!" बरणी कोनाड्यात ढकलून दिली. दुसऱ्या दिवशी डॉक्टर यंत्र घेऊन गेले. मला रडू आलं, ते रागानेच.

खंडेनवमीला यांचे टाक, दौती, ब्रश पूजेला मांडायचे म्हणून कोनाडा पुसायला घेतला. दर्भ कुजून बरणीतलं पाणी गढूळ झालं होतं आणि त्यात पांढरे कण पळत होते. मी हाक मारली. यांनी बरणी उन्हात धरून भिंग लावलं.

"पिंपं कवच करून निजली होती गं," म्हणाले. "एखाद-दुसरी चप्पल उरली असेल, ती तुझ्या काडीवर वाढली. खायला आलं तशी ही जागी झाली."

"मग काढा ना चित्र."

"कशातून बघून? भिंगात नुसते ठिपके दिसतात!" आणि पूजेला मांडलेला टाक यांनी भिंतीवर भिरकावला. मग स्वतःच उचलला, कपाळाला लावून जागेवर ठेवला.

"दर्भ उरलाय का?" माझ्याकडे न बघता विचारलं.

मी आणून दिला. पुस्तक तीन चौकटींनिशी निघालं. डॉक्टर येईपर्यंत पिंपं जगवायची म्हणून मी लढाईभर त्या बरणीत दर्भ घालत राहिले, वास सोसत, शेजारणींचे टोमणे ऐकत. लढाई संपली, डॉक्टर धडधाकट परतले, आणि हे बरणी छातीशी धरून त्यांच्याकडे धावले.

यंत्र तिकडेच राहिलं होतं.