आजची, उद्याची, परवाची

अन्याय झाला तो झमकाबाईवर. कधी झाला तेही सांगते: गेल्या दसऱ्याच्या आधीच्या शनिवारी, सकाळी साडेदहाला, भर बाजारात. आमच्या तालुक्याच्या गावात मेन रोडवर, कापड दुकानासमोरच्या कडुनिंबाखाली ती सीताफळं मांडून बसली होती. पालिकेची अतिक्रमण हटवणारी माणसं आली. माल आवरायला तिनं पाच मिनिटं मागितली, ती मिळाली नाहीत. तिच्यासमोरच्या तीन राशी त्यांनी उचलल्या आणि एकाच ट्रॉलीत ओतल्या. आपण सगळे बघत होतो. मीही.

तीन राशी कशाला, हे तिच्याकडून कधी काही न घेतलेल्यांना कळणार नाही. याडी आधी भाव सांगायची नाही. (बंजाऱ्यांच्या तांड्यावर आईला याडी म्हणतात. ती साखऱ्याकडच्या तांड्यावरून यायची, म्हणून बाजारातही ती सगळ्यांची याडीच.) ती आधी विचारायची, "कवा खायची?" आज म्हटलं तर पहिल्या राशीतली, डोळे उघडलेली, हातात घेतली तर फुटतील अशी. उद्या म्हटलं तर मधल्या राशीतली. तिसरी रास दगडासारखी, ती परवाची. कोणी स्वतः हात घालून निवडायला लागलं तर ती मनगटच धरायची. "तुमी डोळ्यानं बघा, हाताचं काम माझं."

एकदा एक साहेब गाडीतून उतरले. म्हणाले, पाहुणे आलेत, सगळीच दे.

"पावणे कवा जानार?"

"उद्या सकाळी."

"मंग परवाची काहून नेता? पावण्याच्या मागं पळत जाऊन देता का?"

साहेब हसले नाहीत. रस्ता हसला. याडीनं त्यांना पहिल्या राशीतली मोजकी दिली आणि बाकीची राखून ठेवली. विकायला बसलेलं माणूस गिऱ्हाइकाला नको म्हणतंय, हे मी दुसऱ्या कुठल्या दुकानात पाहिलेलं नाही.

आणि हे फक्त सीताफळांचं नव्हतं. श्रावणात तिच्याकडे कटुर्लीची रानभाजी असायची, दसऱ्याला आपटा, संक्रांतीला बोरं आणि हरभऱ्याचे ढाळे, उन्हाळ्यात लोणच्याच्या कैऱ्या. कैरी मागितली की विचारायची, "वरसाचं घालायचं का महिन्याचं?" माल बदलायचा, प्रश्न तोच, झाड तेच. कोणाच्या घरी सासूला दात नाहीत, कोणाकडे माहेरवाशीण आली आहे, हे तिला पाठ होतं. माझी आई दवाखान्यात नर्स. तिला शनिवारी दुपारी ड्युटी असली तर याडी न विचारताच उद्याची बांधून द्यायची.

मी सात-आठ वर्षांची असताना आईनं परवाची सीताफळं गव्हाच्या कोठीत लपवली होती. मी त्याच संध्याकाळी एक काढून दातानं फोडलं. तोंड तुरट झालं, जीभ चिकटली. पुढच्या शनिवारी आईचा हात सोडून मी याडीपुढे उभी राहिले आणि सगळ्यांसमोर म्हणाले, "तू खराब सीताफळ दिलंस."

ती म्हणाली, "फळ बराबर व्हतं लेकरा. तूच दोन दिस आधी आलीस."

मला तेव्हा राग आला होता. अजूनही मी दोन दिवस आधीच पोचते. तिला उठवलं त्या दुपारीच मी पत्रक लिहून तयार. एसटी स्टँडवर ती रिकामी पाटी घेऊन बसली होती, तिथे तिला मोठ्यानं वाचून दाखवलं: गरीब, निराधार झमकाबाई हिला पर्यायी जागा मिळालीच पाहिजे!

"निराधार म्हंजे?"

"ज्याला कोणी नाही ते."

"दोन लेकं, दोन सुना, सहा शेळ्या. अन मला कोनी न्हाई?" पाटीवर हात आपटून ती म्हणाली, "अन गरीब काहून लिवलं? मी सीताफळं इकते. गरिबी न्हाई इकत. खोड ते."

दोन्ही शब्द मी खोडले. तिसरी चूक तशीच छापली गेली. पर्यायी जागा.

आणि ती मिळाली! आठ दिवसांत मिळाली. बायपासच्या पलीकडे पत्र्याचं शेड, सिमेंटचा ओटा, ओट्यावर रंगवलेला नंबर. आम्ही फोटो काढले, लढ्याला यश म्हणून मोबाईलवर फिरवले. याडी फोटोत आहे. हसलेली नाही.

तिसऱ्या शनिवारी मी शेडात गेले. दुपारची वेळ, आसपास दोन कुत्री आणि एक बंद पडलेला टेम्पो. याडीसमोर दोनच राशी होत्या. आजची काळी पडली होती, ती तिनं शेळ्यांसाठी बाजूला सारली होती. सकाळी उद्याची म्हणून मांडलेली आता आजची झाली होती. मी म्हणाले, "याडी, मी अजून एक पत्रक काढते. लोक मुद्दाम येतील इथे."

"सीताफळासाठी मुद्दाम कोन येतं ग? मानूस कापडाच्या दुकानी येतं, दवाखान्यात येतं. जाता जाता पिशवीत चार फळं टाकतं. मी रस्त्यात व्हते म्हून इकत व्हते." तिनं माशा हाकलल्या. "ही जागा तू मागितली. मला इचारलं व्हतं का?"

नव्हतं विचारलं. अख्खा बाजार जिला तिच्या प्रश्नामुळे ओळखायचा, तिला मी एक प्रश्न विचारला नव्हता. अन्याय करणाऱ्यांच्या यादीत पालिकेच्या खाली माझं नाव लिहा. पुढच्या शनिवारी ओटा रिकामा होता.

आता बाजारात लोक मला विचारतात, याडी वारली का? नाही. धडधाकट आहे. आपण तिला घरी बसवलं आहे.

मी जुन्या जागेसाठी अर्ज केला. उत्तर आलं: सदर महिला हंगामी असून कायमस्वरूपी विक्रेती असल्याचा पुरावा नाही. हंगामी! सीताफळ बारा महिने लागत नाही हा काय तिचा गुन्हा? झाडाचा हंगाम बदलला म्हणून तिनं माल बदलला, जागा एक दिवस बदलली नाही. मला समजतंय तेव्हापासून ती त्या कडुनिंबाखाली आहे. पण पावती नाही, नावाची पाटी नाही, कागद नाही.

मी कापड दुकानदार काकांकडे गेले. ती दुकान झाकते म्हणून तक्रारीवर सही करणारे हेच. आता तेच म्हणाले, "ताई, तिचं गिऱ्हाईक माझ्या पायरीवर सावलीला उभं राहायचं, मग आत यायचं. आता बाया झाडाखाली बघतात अन पुढं निघून जातात."

"मग एवढंच लिहून द्या ना काका."

"तोंडी कितीबी सांगतो. लिहून नका मागू."

दिवाळीनंतर तांड्यावर गेले. "आली बघा पत्रकवाली," याडी सुनेला म्हणाली. मी पिशवीतून कागद काढला नाही. खाली बसले आणि विचारलं, "जुनी जागा मिळाली तर बसशील?"

"आता इचारलंस," ती म्हणाली. तिनं शेळीच्या पाठीवरून हात फिरवला. "बसते. पन तिथं बसत व्हते हे मी एकटीनं किती सांगावं? ज्यायनं खाल्लं त्यायनं सांगावं ना."

निघताना तिनं माझ्या ओढणीत चार सीताफळं बांधली. "शेवटची हायत. परवा खा."

या वेळी मी परवाच खाल्ली.

तर आता तुम्ही. होय, तुम्हीच; ज्यांच्या घरातल्या गव्हाच्या कोठीत तिची सीताफळं पिकली, ज्यांच्या बरणीत तिच्या कैऱ्या मुरल्या. एक कोरा कागद घ्या. याडीकडून काय घेतलं ते लिहा. तारीख आठवत नसेल तर हंगाम लिहा. ती कुठे बसली होती ते लिहा: मेन रोड, कापड दुकानासमोर, कडुनिंबाखाली. खाली नाव आणि सही. येत्या सोमवारी मी पुन्हा अर्ज देणार आहे आणि त्याला माझं पत्रक जोडणार नाही, तुमचे कागद जोडणार आहे. गरीब लिहू नका, बिचारी लिहू नका. तोंडी सांगू नका.

तुम्ही खाल्लं आहे. लिहून द्या.