कपाशीवर अडून बसलेली वहिनी

फोन आमच्या वावरात वेचणीला येणाऱ्या शकीलाबीचा होता. "भाऊ, लवकर वावरात या... बाई पडल्या." मी ऑफिसात फायलींत बुडालेलो. म्हणालो, पडली तर उचला, सावलीत बसवा, पाणी पाजा, मी रविवारी येतो. असं बोललो मी! त्यावर शकीलाबी फोनवरच हुंदके देऊ लागली, तेव्हा कळलं, वहिनी गेली. आज पाच आठवडे झाले, तरी हे डोक्यात शिरत नाही. सकाळी कपाशीच्या झाडापाशी दहीभात ठेवून, सीतादही म्हणजे पहिल्या वेचणीची पूजा करून, बायांना घेऊन वेचणीला लागलेली धडधाकट बाई दुपारी नसतेच... हे कसं काय?

वत्सलावहिनी माझ्या थोरल्या भावाची बायको. दादा गेल्यापासून मोताळ्याजवळचं आमचं सामाईक शेत तीच पाहायची. मी खामगावला नोकरीत, शेतीची अक्कल सगळी पेपरात वाचलेली. पण बोलायला पुढे! दर उन्हाळ्यात आमचं वाजायचं. मी म्हणायचो, कपाशी सोड. बोंडअळी, फवारण्या, चार-चार वेचण्या, वर मजूर शोधत फिरा. सोयाबीन लाव, दिवाळीआधी पैसा हातात, मागून हरभरा घे. सगळं गाव तेच करत होतं. वहिनी पोळी लाटता लाटता ऐकून घ्यायची आणि म्हणायची, "तुमचं सोयाबीन मशीन दोन घंट्यात काढून नेते, भाऊजी. मंग ह्या बायाइनं काय करावं? गावातल्या बाईच्या हाती सोताचा पैसा येते तो कापसाचा. शकीलाबीनं पोरीले नर्स केलं, ते काय मशीनीवर केलं का?" मी म्हणायचो, आपण काय धर्मादाय उघडलाय? त्यावर ती लाटणं रोखून म्हणायची, "जेवा आता. लय शिकेल हाये तुम्ही." पेरणीला पुन्हा कपाशीच.

यंदा मात्र मी हट्टाला पेटलो. वेचणीच्या आदल्या संध्याकाळी फोन करून सांगितलं, हे शेवटचं. पुढच्या वर्षी सगळं सोयाबीन, माझाही हिस्सा आहे त्यात. मला वाटलं आता भांडेल, चार शब्द सुनावेल. ती म्हणाली, "बरं." एवढंच. आणि मी मूर्ख, जिंकलो म्हणून बायकोला हसत सांगत बसलो... आयुष्यात कधी 'बरं' न म्हणणारी बाई 'बरं' म्हणाली, तेव्हा तरी मला काही कळायला नको होतं?

तेरावं झालं. कापूस झाडावर फुटून लोंबत होता. मी कोणाला बोलावलं नव्हतं, तरी सकाळी बाया कमरेला कापसाची ओटी बांधून वावरात हजर. संध्याकाळी पाहायला गेलो तर सगळं वावर वेचून झालेलं, फक्त बांधाकडची एक पात, झाडांची ओळ, अर्धी पांढरीशुभ्र उभी. मी चिडलोच. "ही काऊन सोडली?"

शकीलाबी म्हणाली, "पयली पात घरच्या बाईची ऱ्हायते, भाऊ. त्या झाडापरेंत बाईनं वेचली... पुढची आमी कशी धरावं?"

वहिनी त्या झाडापाशी पडली होती. पुढच्या झाडाला एक बोंड अर्धंच वेचलेलं होतं.  मी शर्टाचाच ओचा केला आणि तिथून वेचायला लागलो. जन्मात कापूस वेचला नव्हता. बोंडाची टोकं नखांत शिरत होती, कापसासोबत पाला येत होता. "पाला नका घेऊ, भाऊ," शकीलाबी मागून म्हणाली, "बाईनं तुमाले परत वेचाले लावलं असतं." बाया हसल्या, मीही हसलो, आणि हसता हसता रडू फुटलं. पात संपेपर्यंत त्या कोणी घरी गेल्या नाहीत.

निघताना शकीलाबीनं भीत भीत विचारलं, "पुढच्या साली बलावसान ना आमाले?"

"हाव," मी म्हणालो.

वहिनीला त्या संध्याकाळी फोनवर मी एवढंच म्हणायला हवं होतं.