अकरा मिलिमीटर

माझ्या धाकट्या बहिणीइतकी कष्टाळू बाई मी पाहिली नाही, आणि माझं डोकंही तिच्याइतकं कुणी खाल्लेलं नाही.

तिच्या मुलीच्या, आमच्या पिटुकलीच्या, डोळ्यांत जन्मापासून पाणी येत नाही. आईबाप दोघांकडून आलेला मज्जातंतूंचा आजार. रक्तदाब, घाम, कशालाच शिस्त नाही. दुखलेलंही फारसं कळत नाही. बुबुळावर चरा पडला तरी पोर आपली हसतेय. म्हणून बहीण बारा वर्षं तासातासाला तिच्या डोळ्यांत थेंब घालते. चुकलेला तास मला आठवत नाही.

इस्पितळात अश्रूंच्या ग्रंथींना चालना देणाऱ्या एका गोळीवर संशोधन निघालं. त्यात घेण्याआधी पापणीत कागदाची पट्टी अडकवतात. पाच मिनिटांत ती पाच मिलिमीटरच्या वर भिजता कामा नये. आधीचे चार तास थेंब बंद.

पट्टी अकरा भिजली.

"मग नियमात बसत नाही," डॉक्टरीणबाई म्हणाल्या. "थेंब घातले होते?"

"छे," बहीण म्हणाली.

"आई, आत्ता जिन्यात घातलेस की," पिटुकली म्हणाली.

बहिणीचा चेहरा पडला. तिला खरंच कळलं नव्हतं.

"हात आपसूक गेला, दादा."

"कारखान्यात लेथवर माझा हात असा आपसूक गेला असता, तर आज बोटं मोजायला सोपी गेली असती."

"झालं? आता भाचीचं बघ."

मी पुष्कळ विनवण्या केल्या. बाईंनी गुरुवारची वेळ दिली. यादी त्याच दिवशी बंद होणार होती.

गुरुवारी सकाळी शेवटचे थेंब घालून झाल्यावर बाटली मी घरीच ठेवली. चार तास पोरीचे डोळे झाकून ठेवले, आणि चार तास बहिणीचा हात पिशवीत जात राहिला. एकदा मी तिला चक्क हातावर बसायला लावलं. "मामा, मला खाजत नाहीये," पोर सांगत होती. "हिलाच खाजतंय."

पट्टी एक मिलिमीटर भिजली. नाव लागलं.

मग बाईंनी सांगितलं की निम्म्या मुलांना खरी गोळी मिळते, निम्म्यांना औषध नसलेली, नुसती पांढरी. कुणाला कुठली, ते सहा महिन्यांनी कळेल.

माझं टाळकं सरकलं. एवढा जीव आटवून पदरात काय, तर कदाचित साखर.

"किती वाजता द्यायची?" बहीण विचारत होती.

"दिवसातून तीनदा. वेळ चुकवू नका."

"चुकणार नाही," ती म्हणाली. तेवढं मीही लिहून दिलं असतं.