आढ्यावरचा नारळ

गिरजाबाईच्या घराला आजवर बरेच मालक झाले, पण घर आपलं तेवढंच राहिलं. दोन खोल्या, पुढं पडवी, वर नळीची कौलं. पहिल्यांदा ते शेजारच्या फरझानाच्या आजेसासऱ्याचं होतं. त्याला रोह्याच्या बाजारात दुकान टाकायचं होतं, म्हणून त्यानं ते गिरजाबाईच्या बापाला, विठूला दिलं. देताना गाव बोलावलं, विठूच्या हातात नारळ ठेवला आणि म्हणाला, "चढ वर." विठू शिडीवरून आढ्यावर गेला, तिथं नारळ फोडला, खोबरं आळीत वाटलं. संपला व्यवहार.

वडखळच्या पुढं हमरस्ता सोडून आत गेलं की हे गाव लागतं, आणि त्या गावची ती रीत. पावसाआधी कौलं परतायची, फुटकी काढायची, वानरांनी सरकवलेली जागेवर बसवायची. काम उरकलं की घराच्या मालकानं आढ्यावर नारळ फोडायचा. कुणाचं भांडण लागलं तर म्हातारी माणसं आधी एवढंच विचारत, "गेल्या साली नारळ कुणी फोडला?"

गिरजाबाईचा नवरा लवकर गेला. सासरच्यांनी तिला माहेरी पोचवायला माणूस दिला, परत न्यायला मात्र कुणाला सवड झाली नाही. भाऊ केरू तोवर रोह्याला कंपनीत लागला होता, तिकडंच खोली घेऊन राहिला होता. बाप वारल्यावर केरूनं गाव बोलावलं आणि नारळ बहिणीच्या हातात दिला. बाईमाणूस शिडी चढणार म्हणून मंडळी चुळबुळली. गिरजाबाईनं पदर खोचला आणि चढली. नारळही फोडला. उतरताना मात्र मधल्या पायरीवर तिला रडू फुटलं, पाऊल खाली पडेना. केरूनं मिठी मारून तिला उतरवली.

"घर मिळालं म्हणून रडतेस?" तो म्हणाला.

"नाय रे, खाली बघितलं म्हणून."

त्यानंतर दर वर्षी ती चढत राहिली. खाली बघायचं नाही एवढं शिकली.

तिला मूलबाळ नव्हतं. केरूचा सुशील मे महिन्यात तिच्याकडं यायचा तो शाळा उघडेपर्यंत हलायचा नाही. फणस फोडला की चिकानं बरबटलेल्या बोटांनी ती पहिला गरा त्याच्या तोंडात घालायची. केरू गेला, सुशील बापाच्याच कंपनीत लागला, मनालीशी लग्न झालं, तरी येणं-जाणं तुटलं नाही. शिफ्ट संपली की मोटारसायकल काढून यायचा, आत्याच्या हातची भाकरी खायचा, पडवीत घोरायचा. गिरजाबाईला ते घोरणंसुद्धा गोड लागायचं.

मग तिचे गुडघे गेले. गेल्या उन्हाळ्यात कौलं परतून झाली आणि सुशील म्हणाला, "आत्या, यंदा तू चढू नको. नारळ मी फोडतो."

गिरजाबाईला काय करू आणि काय नको झालं. अख्ख्या आळीत फिरून तिनं सांगितलं, "आमचा सुशील फोडणार हाय गो!"

पलीकडची मालू पापड वाळत घालत होती. ती म्हणाली, "भाच्याचा तोरा भारी दिसतोय तुला."

"मग? भाचा हाय माझा. उद्या त्याचंच तर सगळं."

सुशील वर चढला, मनालीनं खालून मोबाईलवर चित्रण केलं. गिरजाबाई तिला मागून सांगत होती, "कौलं पण येऊ दे गो त्यात, नवी घातलीत." गाव काही कुणी बोलावलं नव्हतं. बोलावण्यासारखं त्यात काय होतं? मालू कुंपणावरून बघत होती, तिलाच खोबरं दिलं, आणि सगळ्यांना घावनं खायला घातली.

दिवाळी झाली आणि गावात मोजणी आली. वरून ड्रोन फिरणार, खाली चुन्याच्या रेघा मारणार, आणि घर ज्याचं त्याच्या नावाचा सरकारी कागद निघणार. गिरजाबाईनं अंगण सारवून ठेवलं. ड्रोन वरून बघणार म्हणून परसातली लाकडंसुद्धा नीट रचली. आदल्या संध्याकाळी सुशील गाडी घेऊन दारात.

"आत्या, चल. पेणला तुझ्या मोतीबिंदूचा नंबर लागलाय. उद्याच ऑपरेशन."

"अरे पण मोजणी?"

"मोजणीला तुझं काय काम? मी हाय ना."

मी हाय ना, हे ऐकायला माणसं जन्मभर थांबतात. गिरजाबाई लुगडं बदलून गाडीत बसली. पेणला मनालीनं तिचं सगळं केलं. वेणी घातली, डोळ्यात थेंब घातले, पेज भरवली. पोटच्या लेकीनं यापेक्षा काय केलं असतं, असं ती शेजारच्या खाटेवरच्या बाईला सांगत होती. सुशील तेवढा दिवसभर दिसला नाही.

काळा चष्मा लावून ती घरी आली. अंगणात चुन्याची पांढरी रेघ बघून हरखली. फरझाना भेटायला आली, पण पडवीत बसली ती पाय पोटाशी घेऊन. एरवी ही बाई आली की भिंतीला टेकून पाय पसरणारी.

"काय झालं गो? दुबईवरून फोन नाय आला तुझ्या नवऱ्याचा?"

"तसं नाय मावशी. मोजणीवाल्यांनी विचारलं, घर कुणाचं. सुशीलभाऊ पुढं झाला नि म्हणाला, माझं. त्यांनी मालूमावशीला विचारलं. ती म्हणाली, नारळ त्यानंच फोडला. मी विहिरीवर होते, आले तोवर लिहून झालेलं."

गिरजाबाई तशीच उठून मालूच्या दारात गेली.

"मी काय खोटं बोलले?" मालू भडकलीच. "उद्या त्याचंच सगळं म्हणून तूच सांगत होतीस ना आळीभर? आता माझ्यावर कशाला येतेस?"

गिरजाबाई आली तशी माघारी फिरली. भाच्यानं जे केलं ते केलं, पण त्याची साक्ष तिनं आपल्याच तोंडानं दारोदार जाऊन देऊन ठेवली होती.

रविवारी सुशील आला. हातात डोळ्यांचे थेंब, मागं मनाली. गिरजाबाईनं चहा ठेवला नाही. ऑपरेशन मात्र झकास झालं होतं. त्याच्या मिशीतला एकेक पिकला केस तिला दिसत होता.

"नारळ मागितलास तेव्हाच हे मनात होतं?"

"तसं नाय गो आत्या..."

"माझ्याकडं बघून सांग."

तो मनालीकडं बघायला लागला. मनाली म्हणाली, "आत्या, तुम्हाला कुणी बाहेर काढतंय का? मरेपर्यंत राहा की. नाव फक्त यांचं. पुढं भानगड नको म्हणून."

"माझ्याच घरात राहायची परवानगी देतेस व्हय गो मला?"

"कधीतरी मलाच देणार होतीस ना?" सुशील एकदम बोलला.

"देणार होते. गाव बोलावून, तुझ्या हातात नारळ देऊन देणार होते. तेवढा मान तुझ्या बापानं मला दिला होता रे. तू मला डोळे मिटवून पेणला निजवलंस."

ते थेंब तिथंच ठेवून गेले. तिनं ते वापरले. औषधावर कसला राग?

हरकत घ्यायची मुदत होती. फरझानानं अर्ज लिहून दिला, गिरजाबाईनं सही केली. तिला तेवढं नाव लिहिता येत होतं. सुनावणीला पेणच्या कचेरीत दोघी गेल्या. सुशील आधीच बाकावर बसला होता, आणि दुसऱ्या टोकाला, तोंड फिरवून, मालू. बोलावणं होतं म्हणून आलेली.

साहेब पोरगेलासा होता. नारळाची सगळी हकीकत त्यानं ऐकून घेतली आणि म्हणाला, "आजी, सरकारात नारळाचं काही नाही. घरात राहतं कोण, आणि त्यानं दुसऱ्याला दिलं का, एवढं सांगा." मग मालूकडं वळला. "तुम्ही आधी भाच्याचं नाव सांगितलंत."

मालू उठली. "नारळ कुणी फोडला ते सांगितलं. तो त्यानंच फोडला. पण राहते ही. चूल हिची, दिवाबत्ती हिची. आणि घर देतात तेव्हा गाव बोलावतात. आम्हाला कुणी बोलावलं नव्हतं. मला कुंपणावरून एक तुकडा खोबरं मिळालं, तेवढ्यावर घर जात नाय कुणाचं." आणि गिरजाबाईकडं न बघताच खाली बसली.

साहेबानं सुशीलला विचारलं. मोबाईलमधलं चित्रण दाखवायला त्यानं हात खिशाकडं नेला, आणि तसाच राहिला. आत्या त्याच्याकडं बघत होती. चष्मा काढून.

"आत्याचंच नाव लावा," तो म्हणाला.

काम झालं. फरझानानं तिचा दंड दाबला. पण घर परत मिळाल्यावर माणसाला जसं वाटावं तसं गिरजाबाईला काही वाटेना. तोंड कडू पडलं होतं.

बाहेर सुशील मोटारसायकलजवळ उभा होता. "आत्या, बस. घरी सोडतो."

"मिनिडोर हाय," ती म्हणाली, आणि त्या सहा आसनी रिक्षात फरझाना नि मालूच्या मधे दाटीवाटीनं जाऊन बसली.

मिनिडोर वडखळला थांबली, निघाली. फरझाना कडेला होती. ती हळूच म्हणाली, "मावशी, भाऊ मागून येतोय."

"येऊ दे. रस्ता सरकारचा हाय."

मालू फस्सकन हसली.

गावाचा फाटा आला. मिनिडोर आत वळली. रोह्याचा रस्ता सरळ नागोठण्याकडं जात होता. गिरजाबाई पुढं ड्रायव्हरच्या पाठीकडं बघत राहिली, मान वळवली नाही.

"थांबलाय," फरझाना म्हणाली. "फाट्यावर थांबलाय... आपल्याकडंच बघतोय."

गिरजाबाईनं पदर तोंडाशी धरला.

"गेला, मावशी. सरळ गेला."

"बरं," ती म्हणाली. आणि थोड्या वेळानं, कुणालाच उद्देशून नाही अशी, "जेवला नसंल तो."