कोरड्या विहिरीतली दहा मिनिटं

ऑनलाइन गेममध्ये लोकांना सरळ वागायला लावायची नोकरी केली, की किस्से आपोआप साठतात. ऑफिसात विसरलेल्या छत्र्या साठतात ना, तसे! कोणी न्यायला येत नाही आणि टाकवतही नाहीत.

आमचं ऑफिस मैलापूरला, चौथ्या मजल्यावर. गेम जुन्या राजेरजवाड्यांच्या काळातला. तलवारी, हत्ती, बाजार, सगळं आहे. दर रविवारी दुपारी त्यात लाइव्ह इव्हेंट असतो. लग्न, जत्रा, लढाई, असं काहीतरी. तुफान गर्दी होते आणि त्यातले काहीजण फक्त दंगा करायला येतात. त्यांना आवरायला आम्ही सहाजण. प्रमुख वसंता मॅडम, तंजावरकडच्या मराठी घरातल्या. आधी शाळेत गणिताच्या बाई होत्या. गेममधली कोरडी विहीर त्यांचीच आयडिया. तीन वेळा ताकीद द्यायची, नाही ऐकलं तर दहा मिनिटं विहिरीत. राजा असो की रंक, दहाच मिनिटं.

मी सोलापूरची. राग नाकावर आणि बोट बटणावर.

*

माझा पहिलाच रविवार. गेममध्ये दोन प्लेअरांचं लग्न होतं. मांडवात एकजण नुसत्या चड्डीवर उड्या मारत होता. ताकीद दिली, एकदा, दोनदा, तीनदा. पठ्ठ्या ऐकेना! टाकला विहिरीत.

तो नवरदेव होता. चिलखत उतरवून लग्नाचे कपडे घालायला गेला आणि त्याचं नेट अडकलं, म्हणून जागच्या जागी उडत होता.

मी घाबरून विचारलं, "मॅडम, बाहेर काढू?"

"दहा मिनिटं म्हणजे दहा मिनिटं गे!"

तेवढ्यात नवरीनेच विहिरीत उडी मारली. मागोमाग अख्खं वऱ्हाड! लग्न आतच लागलं. आता जोडपी अर्जात लिहितात, आम्हाला मांडव नको, विहीर द्या.

*

शेजारी शरवणन बसतो. स्वभावाने अगदी गरीब. एकदा त्याने "मागे सरका, ही तिसरी आणि शेवटची ताकीद" हा मेसेज गेमऐवजी ऑफिसच्या ग्रुपवर टाकला. तो जीभ चावतोय तोवर एचआरच्या बाईंचं उत्तर आलं, "सॉरी, लगेच गाडी काढते!"

या बाई कितीतरी महिने वसंता मॅडमच्या जागेवर गाडी लावत होत्या. शरवणनला मॅडमनी कॉफी पाजली.

*

कोवलमच्या सेल्वी अक्का मासळी विकतात आणि दुपारी आमचा गेम खेळतात. गेममध्ये बाजार भरला की चॅटवर मोठ्ठ्या अक्षरांत सुरू, "वंजरम ताजा! वंजरम ताजा!" वंजरम म्हणजे आपली सुरमई. त्या सुरमईखाली आमच्या सूचना कोणाला दिसेनात.

ताकीद दिली तर अक्कांचं उत्तर, "बाजारात ओरडायचं नाही, तर काय देवळात ओरडू?"

माझं बोट बटणावर गेलंच होतं. मॅडम लाडाने म्हणाल्या, "थांब कण्णा. एवढा आवाज आपल्यात कोणाला आहे?"

पुढच्या रविवारपासून आमच्या सूचना सेल्वी अक्काच ओरडतात. अधूनमधून सुरमई येते, पण रांग सरळ लागते.

*

सगळ्यात छळलं ते कुट्टी यानै नावाच्या प्लेअरने. तमिळमध्ये या नावाचा अर्थ हत्तीचं पिल्लू, आणि स्वारी बसायची डोंगराएवढ्या हत्तीवर! भर रस्त्यात उभा राहायचा. मागच्या दोन्ही रथोत्सवांत आमचा रथ त्यानेच अडवला. चारदा विहिरीत जाऊन आला, फरक शून्य.

शेवटी मॅडमनी त्याला साधं विचारलं, "का रे बाबा?"

त्याने लिहिलं, "मॅडम, टी. नगरला साडीच्या दुकानात सेल्समन आहे. सकाळपासून जो तो मला म्हणतो, सरक, सरक. इथे मी सरकणार नाही."

मला त्या दिवशी त्याला टाकवेना. मॅडमनीच टाकलं.

*

मग मुख्य ऑफिसातून मोठे साहेब आले. म्हणाले, दंगा आवरायला माणसं कशाला, सॉफ्टवेअर करेल. या रविवारचा रथ न अडता देवळात पोचला तर टीम राहील, नाहीतर बंद. मी तर नुकतंच आईबाबांना सोलापूरहून इकडे आणलं होतं.

मॅडमनी काय करावं? रथाचा रस्ता मोकळा ठेवायचं काम कुट्टी यानैला दिलं. वर विहिरीचं बटणही!

"मॅडम, चोराच्या हाती किल्ल्या!" मी ओरडलेच.

"वर्गात मॉनिटर कोणाला करायचं? ज्याला सगळ्या खोड्या पाठ आहेत त्याला. सेरी? पटलं?"

रविवारी रथ निघाला. अक्का ओरडत होत्या, गर्दी बाजूला होत होती. साहेब आमच्यातच लॅपटॉप घेऊन बसले होते. जवळून बघायला म्हणून तेही सोनेरी हत्तीवर बसून गेममध्ये शिरले आणि बरोब्बर रस्त्यात उभे राहिले.

"सार, सरका. रथ येतोय," कुट्टी यानैने लिहिलं. साहेब हसले. दुसरी ताकीद. "बघू या तुमची सिस्टीम," साहेब म्हणाले. तिसरी ताकीद.

साहेब विहिरीत! शरवणनने डोळे मिटून घेतले.

"मला कोणी टाकलं?"

"आमचे दोन रथ ज्याने अडवले, त्याने," मॅडम म्हणाल्या.

"बाहेर काढा."

"दहा मिनिटं, सर."

"मॅडम, पाया पडते, काढा हो!" मी मराठीत पुटपुटले.

"सगळ्यांना दहाच गे!"

साहेबांनी मॅडमकडे पाहिलं, चष्मा काढून टेबलावर ठेवला आणि खुर्चीला टेकून बसले. रथ एकेक वळण घेत होता.

दहा मिनिटं झाली, विहीर उघडली. शरवणन हळूच म्हणाला, "सर, आता बाहेर येऊ शकता."

साहेबांनी माउसला हात लावला नाही.

"थांबा," ते म्हणाले, "आधी रथ पोचू दे."