दुपारचं पाणी

जूनच्या पहिल्या आठवड्यात आमची कंपनी पूर्व लडाखमधल्या एका पोस्टवर चढली. पोस्टचं नाव देत नाही. उंची पंधरा हजार फुटांच्या थोडी वर. मी तेव्हा हवालदार होतो. नोकरीची अठरा वर्षं झाली होती. अशा जागी माणूस खाली उतरायला किती दिवस राहिले ते मोजत असतो. मीही मोजत होतो.

हे लिहायचं कारण असं. मी आता गारखेड्यात राहतो. आमच्या कॉलनीतली ज्येष्ठ मंडळी महिन्यातून एकदा जमतात. या वेळचा विषय होता, 'माझी नजर बदलणारं ठिकाण'. कुणी व्हिएतनामवर बोललं, कुणी केदारनाथवर. मला म्हणाले, "तुम्ही तर सगळा देश फिरलात." मी फिरलो नव्हतो, मला पाठवलं होतं. पर्यटक म्हणून मी एकदाच गेलो, तेही ड्यूटी केलेल्या जागी. त्याबद्दल उभं राहून बोलता आलं नाही. म्हणून लिहून देतो.

माझ्या सेक्शनमध्ये लान्स नायक सोपान गायके होता. वय सव्वीस. गाव वैजापूरजवळ. मी मूळचा करमाडचा, त्यामुळे कंपनीत आम्ही दोघंच एका जिल्ह्याचे. चारचौघांत तो मला 'हवालदार साहब' म्हणायचा, एकटे असलो की 'दादा'. पोहायला पक्का. गावच्या विहिरीत शिकलेला. त्याला ती जागा मनापासून आवडायची, हे मला विचित्र वाटायचं. चहाचा मग घेऊन तो पोस्टच्या मागं उभा राहायचा आणि वडिलांची आठवण काढायचा.

"दादा, तात्याला एकदा इथं आणायचंय. लई मोठं आभाळ हाये."

मी म्हणायचो, "आधी चहा पी. गार होतोय."

रुटीन ठरलेलं होतं. पहाटे स्टँड-टू, म्हणजे हत्यार घेऊन मोर्च्यावर सज्ज, मग पाण्याचे जेरीकॅन, शस्त्रांची सफाई, आठवड्यातून दोनदा रोड पेट्रोल, म्हणजे गाडीतून रस्त्याची गस्त. पेट्रोल खाली नऊ किलोमीटरवर एका नाल्यापर्यंत जायचं आणि परत फिरायचं. नाल्यावर पूल नव्हता, रस्ता थेट पाण्यातून होता. सकाळी तिथं घोट्याएवढं पाणी असायचं. वरच्या बर्फावर ऊन पडलं की दुपारी बारानंतर ते चढायला लागायचं आणि पाचच्या सुमारास सगळ्यात जास्त व्हायचं. आमचा नियम साधा होता. १२०० नंतर, म्हणजे दुपारी बारानंतर, गाडी नाल्यात घालायची नाही.

जुलैमधला तो दिवस निरभ्र होता. पेट्रोलमध्ये आम्ही सहा जण, मी कमांडर. १५०५ ला नाल्यावर पोचलो. पाण्याच्या मधोमध एक पांढरी टॅक्सी तिरकी होऊन अडकली होती. आमच्या काठापासून अंदाजे वीस मीटर. पाणी दाराच्या निम्म्यापर्यंत आलेलं. आत चार माणसं. ड्रायव्हर, एक जोडपं आणि त्या बाईंची म्हातारी आई. पर्यटक होते.

मी वायरलेस सेट घेतला आणि पोस्टला कळवलं.

"चार्ली वन, चार्ली टू. नाले में सिव्हिल गाडी. चार लोग. रोप और नर्सिंग असिस्टंट भेजो. ओव्हर."

"चार्ली टू, रॉजर. टाइम चालीस मिनट. ओव्हर."

चाळीस मिनिटं आमच्याकडं नव्हती. पाणी चढताना डोळ्यांना दिसत होतं. आमच्या गाडीत एकच दोर होता. एक टोक आमच्या गाडीच्या हुकाला बांधलं, दुसरं सोपानच्या कमरेला. त्याला मी निवडलं नाही. मी दोर सोडवेपर्यंत त्यानं बूट काढले होते.

"जाऊ का?"

"जा. आधी म्हातारी."

१५१४ ला तो पाण्यात उतरला. म्हातारीला पाठीवर घेऊन १५२० ला परत. मग त्या बाईंना आणलं. तिसऱ्या खेपेला नवरा दोराला धरून स्वतः आला, सोपान त्याच्या मागं होता. पाणी नुकतं वितळलेल्या बर्फाचं. सोपानचे ओठ निळे पडले होते. मी दुसऱ्या जवानाला तयार व्हायला सांगितलं.

सोपान म्हणाला, "नको. ड्रायव्हरचा पाय अडकलाय. कुठं ते मी बघितलंय. पाच मिनिटं."

१५३१ ला तो चौथ्यांदा गेला. खिडकीतून अर्धा आत शिरला. मग बाहेर आला आणि स्वतःच्या कमरेचा दोर सोडायला लागला. तो दोर त्याला ड्रायव्हरला बांधायचा होता, हे मला कळलं. 'नको' म्हणायला माझ्याकडं वेळ होता. मी म्हणालो नाही. ड्रायव्हरचं डोकं मला दिसत होतं, आणि पाणी त्याच्या हनुवटीला लागलं होतं.

१५३६ ला टॅक्सी उलटली. दोर खाली सापडून पत्र्याच्या धारेवर तुटला.

आम्ही काठानं धावलो. सोपान १८१० ला सापडला, सातशे मीटर खाली, दोन दगडांच्या मध्ये. ड्रायव्हर दुसऱ्या दिवशी सकाळी सापडला. तेव्हा पाणी परत घोट्याएवढं झालं होतं.

कोर्ट ऑफ इन्क्वायरी, म्हणजे फौजेची चौकशी झाली. त्या बाईंनी जबाब दिला. ड्रायव्हर म्हणाला होता की, आता नको, सकाळी जाऊ. दुसऱ्या दिवशीचं विमान चुकेल म्हणून आम्हीच हट्ट केला, असं त्या म्हणाल्या. तो दोनदा नाही म्हणाला, तिसऱ्यांदा गाडी घातली. बाई हे सगळं न रडता बोलल्या. मग जबाबावर सही केली.

सोपानला घेऊन मी वैजापूरला आलो. सलामी झाली. त्याचे वडील एकनाथ तात्या, कापूस आणि कांद्याचे शेतकरी, उंच आणि कमी बोलणारे. त्यांनी मला एकच विचारलं, "कशानं गेला?" मी सांगितलं, "पाण्यात." त्यांनी मान हलवली. त्यांना पटलेलं नव्हतं, ते मला दिसलं.

दोन वर्षांनी मी पेन्शनवर आलो. अधूनमधून वैजापूरला जायचो. टॅक्सीच्या ड्रायव्हरला सोडवताना सोपान गेला, एवढं फौजेनं त्यांना कळवलं होतं. दरवेळी तात्या तेच बोलायचे.

"त्या ड्रायव्हरपायी माझं पोरगं गेलं. तिथलाच व्हता ना? मग गाडी पाण्यात घातलीच कशी?"

त्या बाईंचा जबाब मला माहीत होता. तरी मी गप्प बसायचो. ड्रायव्हरवरचा दोष काढायचा तर दोर सुटतानाची गोष्टही सांगावी लागली असती. माझ्या गप्प बसण्यात माझी सोय होती.

सोपान जाऊन सहा वर्षं झाल्यावर तात्यांचा फोन आला. "हवालदार, मला ती जागा दाखवता का?" तो सगळा भाग आता पर्यटकांना खुला झाला होता. सोपानच्या आईला विचारलं. त्या म्हणाल्या, "पाणी बघून मी काय करू? तुम्ही जाऊन या."

तात्या अडुसष्ट वर्षांचे होते. डॉक्टरांकडून तपासून घेतलं. लेहला चार दिवस नुसते बसून काढले. हवा अंगवळणी पडल्याशिवाय वर जायचं नसतं. पाचव्या दिवशी पहाटे निघालो आणि सकाळी साडेनऊला नाल्यावर पोचलो.

तात्या गाडीतून उतरले. काठावर गेले. पाणी दगडांच्या मधून खेळत होतं. त्यांनी चपला काढल्या, धोतर थोडं उचललं आणि चालत नाला ओलांडला. घोटेसुद्धा नीट भिजले नाहीत. पलीकडून परत आले आणि माझ्यासमोर उभे राहिले.

"इतक्या पाण्यात?"

मी म्हणालो, "तात्या, दुपारी चढतं."

"पोहणारा गडी इतक्या पाण्यात बुडाला? हवालदार, खरं काय झालं? गोळी लागली का? आपसात काही झालं का? आता तरी सांगा."

सहा वर्षं हा माणूस तोंडानं ड्रायव्हरला बोलत मनात कसला संशय घेऊन जगत होता, ते मला त्या क्षणी कळलं. त्यांच्या गावाजवळच्या ओढ्याला पाणी येतं ते पाऊस झाल्यावर. पाऊस नाही, ढग नाही आणि पूर आला, हे तिकडच्या शेतकऱ्याला कसं पटावं? शब्दांनी पटणार नव्हतं.

मी म्हणालो, "आपण तीन वाजेपर्यंत इथंच बसू."

बसलो. गाडीतल्या सतरंज्या काढल्या. लेहहून आणलेल्या पोळ्या खाल्ल्या. तात्यांनी पाण्याच्या कडेला एक चपटा दगड ठेवला, खुणेचा. अकरा वाजता दगड कोरडा. साडेबाराला ओला. दीड वाजता दिसेनासा झाला. तात्यांनी दुसरा दगड मागं ठेवला, मग तिसरा. आवाज वाढत गेला. अडीचनंतर पाणी मातकट झालं आणि तळातले दगड एकमेकांवर आपटल्याचे आवाज यायला लागले. तात्या सारखे वर बघत होते. आभाळ कोरडं होतं.

"ढग नाय अन् पूर."

"उन्हाचं पाणी आहे, तात्या. वरचा बर्फ वितळतो."

"अन् थंडी किती त्याला?"

"हात घालून बघा. मी धरतो."

त्यांनी हात घातला आणि लगेच काढला नाही. मी मोजलं. सोळा सेकंदांनी काढला. बोटं लाल झाली होती. ते बराच वेळ बोट बोटाला चोळत राहिले.

"ह्यात चार खेपा?"

"चार."

तेव्हा मी त्यांना सगळं सांगितलं. वेळेसह. जबाबात त्या बाई काय म्हणाल्या, ड्रायव्हर दोनदा कसा नाही म्हणाला, सोपाननं दोर कसा सोडला, आणि मी कसा गप्प राहिलो. म्हणालो, "मी 'नको' म्हणायला हवं होतं. मी कमांडर होतो."

तात्या पाण्याकडं बघत होते. मग म्हणाले, "तुम्ही मला सहा वर्षं त्या माणसाला शिव्या देऊ दिल्या."

"हो."

"हे वाईट केलं." मग माझ्याकडं वळून म्हणाले, "दोराचं मी तुम्हाला काय बोलू? ते मला समजत नाय. पण हे वाईट केलं."

मला माफी मिळाली असं मी म्हणणार नाही. तात्यांनी तो विषय त्यानंतर काढला नाही, एवढंच सांगतो.

काठावर आमच्या कंपनीनं बसवलेला एक दगड आहे. त्यावर सोपानचं नाव, नंबर आणि रँक. तात्यांना वाचता येतं. त्यांनी अक्षरांवरून हात फिरवला.

"त्या ड्रायव्हरचं नाव नाय ह्याच्यावर?"

"तो सिव्हिलियन होता, तात्या."

"घर कुठंय त्याचं?"

दुसऱ्या दिवशी आम्ही ते गाव शोधलं. आमच्या टॅक्सीवाल्याला ठाऊक होतं. जवाच्या शेताला लागून घर, दारात जर्दाळूचं झाड. ड्रायव्हरची आई घरी होती, तात्यांच्याच वयाची. तिला हिंदी येत नव्हतं, तात्यांना तिची भाषा येत नव्हती. टॅक्सीवाल्यानं आम्ही कोण ते सांगितलं. ती आत गेली आणि मुलाचा फोटो घेऊन आली. तात्यांनी खिशातून सोपानचा फोटो काढला. दोघांनी एकमेकांचे फोटो हातात घेऊन पाहिले.

तात्या टॅक्सीवाल्याला म्हणाले, "त्यांना सांगा, मी तुमच्या पोराला लई बोललो. त्याची चूक नव्हती."

टॅक्सीवाल्यानं सांगितलं. म्हातारी काहीतरी बोलली. मी विचारलं, काय म्हणाल्या?

"बोल रही हैं, मैं भी बोली. फौजी पहले क्यों नहीं आए, ऐसा."

मग तिनं तिकडचा लोण्याचा खारट चहा केला. तात्यांना तो आवडला नाही, तरी दोन वाट्या प्याले. निघताना ती तात्यांचा हात बराच वेळ धरून उभी होती. तोच हात, पाण्यात घातलेला.

ही आमची सहल. कॉलनीत लोक विचारतात, तिथं बघण्यासारखं काय आहे? मी सांगतो, नाला आहे, पण सकाळी बघून परत फिरू नका. माझ्यात बदल झाला तो एवढाच. कुणी मेल्याचं ऐकलं की आधी मी 'चूक कुणाची' विचारायचो. आता 'वेळ काय होती' विचारतो. आणि जे मला माहीत आहे ते ज्याचं त्याला लवकर सांगतो.

त्या तारखेला दरवर्षी मी वैजापूरला जातो. तात्या दोन्ही पोरांची नावं घेतात. पहिल्या वर्षी त्यांना दुसरं नाव नीट म्हणता येत नव्हतं. मी कागदावर लिहून दिलं होतं. आता पाठ आहे.

लान्स नायक सोपान एकनाथ गायके, वय सव्वीस.

त्सेरिंग नोरबू, ड्रायव्हर, वय एकतीस.