निसटणारा दुसरा गिअर

चढावर पुढच्या ट्रकचा क्लच जळल्याचा वास आला आणि लायसन्सची परीक्षा आठवली. मी बाबांच्या जुन्या गाडीवर शिकले होते. तिचा दुसरा गिअर हाताने दाबून धरला नाही तर निसटायचा. परीक्षेला गाडी ड्रायव्हिंग स्कूलची, शेजारी परीक्षा घेणारे साहेब, समोर नेहरू नगरचा चढ आणि मागे खच्चून भरलेली बस. मी दुसरा टाकला आणि दांडा घट्ट धरून ठेवला. "हाथ हटाइए, मैडम," साहेब म्हणाले. हात काढला की गाडी मागे बसवर जाणार, याची मला खात्रीच होती. "हटाइए." घामेजलेली बोटं मी एकेक करून सोडली. गाडी चढतच राहिली. आता माझ्या गाडीत गिअर आपोआप पडतात, तरी ट्रक चढ पार करेपर्यंत माझा डावा हात दांडा दाबूनच बसला होता.